माहेरचं अनेकवचन

६ फेब्रुवारी १९५६

साहेबांनी आज माझ्या गळ्यात नसती धोंड बांधली. प्रयोगशाळेत नवा साहाय्यक आला आहे, दत्ताराम नेरूरकर. रसायनात हुशार म्हणतात, पण त्याचा इंग्रजी अहवाल वाचता वाचता साहेबांचा चहा थंड झाला. जूनमध्ये कंपनीची इंग्रजीची परीक्षा आहे. पास झाला तर कायम, नाहीतर घरी. आणि त्याला शिकवायचं कुणी? मिस वालावलकरांनी! औषधाच्या बाटल्यांबरोबर जी पत्रकं जातात त्यांतलं इंग्रजी मी तपासते आणि आजवर माझ्या हातून एक चूक विक्रोळीच्या बाहेर गेलेली नाही. हे फुशारकीने लिहीत नाही. बरं, थोडं फुशारकीनेच लिहिते. वही माझी आहे.

रोज जेवणाच्या सुट्टीत शिकवायचं. म्हणजे सुट्टी माझी गेली. शेजारच्या टेबलावरची टायपिस्ट मालन म्हणते, "मजा आहे बुवा तुझी." मजा कसली डोंबलाची!

९ फेब्रुवारी

पहिला धडा. नेरूरकर उंच, सावळे, कुडाळकडचे. खुर्चीच्या अगदी कडेवर बसतात आणि मला 'बाई' म्हणतात. अहवालात त्यांनी 'सीरम्स' आणि 'बॅक्टेरियाज' लिहून ठेवलं होतं. मी सांगितलं, हे शब्द इंग्रजीत लॅटिनमधून आले, त्यांची अनेकवचनंही तिकडचीच. शेवटी 'अम' असेल तर त्याचा 'आ' होतो: सीरम, सीरा. 'अस' असेल तर 'आय': बॅसिलस, बॅसिलाय.

"मग सर्कसचं सर्काय?"

"नाही. सर्कसेस."

"आल्बमचं आल्बा?"

"आल्बम्स."

"हे काय बाई! दोघेही लॅटिनचेच ना? मग एकाला एक न्याय नि दुसऱ्याला दुसरा?"

मी म्हटलं, वाद घालू नका, पाठ करा. ते खिडकीतून खाडीकडे बघत बसले. तिथे चिखलात दोन बगळे उभे होते. मग म्हणाले, "म्हणजे सुनांसारखं. सगळे लग्न होऊन इंग्रजीच्या घरी आले. काहींनी सासरचं वळण उचललं, काही अजून माहेरचंच चालवतात. आणि सासरच्यांनी ते चालवून घेतलं."

मी मोठ्याने हसले. ऑफिसात मी हसत नाही. मालनने मान उंच करून पाहिलं.

२३ फेब्रुवारी

मालकी कशी दाखवायची ते आज शिकवलं. आधी अनेकवचन करून घ्या, मग वरचा स्वल्पविराम, म्हणजे अपॉस्ट्रॉफी, आणि एस. बॅक्टेरिया आधीच अनेकवचनी, शेवटी एस नाही, म्हणून त्याला दोन्ही लावायचं. निर्जीव वस्तूला शक्यतो लावू नये, तिथे 'ऑफ' बरा.

"जंतू सजीव की निर्जीव, बाई?"

"सजीव."

"आणि बाटलीत भरून मारून टाकल्यावर?"

मी पान उलटलं. चार ओळी वडिलांविषयी लिहा म्हटलं तर लिहिलं, 'माय फादर आर ए फार्मर. दे आर व्हेरी टॉल.' मी 'आर'चं 'इज' केलं, 'दे'चं 'ही' केलं. ते अवघडून म्हणाले, "वडिलांना एकवचनात लिहायला हात धजत नाही हो." मी म्हटलं, इंग्रजीत मान वेगळ्या ठिकाणी दाखवतात. कुठे, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ते पुढच्या धड्यात. माणूस वरून भोळा दिसतो, पण प्रश्न बरोबर वर्मावर विचारतो.

घरी हे सांगितलं तर आई हसली आणि लगेच नसत्या चौकशा. कुडाळातले कुठले? इथे कुणाकडे राहतात? घाटकोपरला मिलमधल्या काकांकडे राहतात एवढं मला ठाऊक होतं. अप्पा वर्तमानपत्रामागून म्हणाले, "नेरूरकर म्हणजे आपल्यातलेच. चांगली माणसं."

२ मार्च

पॅकिंगमधल्या क्षमाने पेढे वाटले. लग्न ठरलं. संध्याकाळी तिचा राजीनामा मालननेच टाइप केला. लग्न झालेली बाई आमची कंपनी ठेवत नाही, तसा नियमच आहे. मालन म्हणाली, "पेढा पण तिनेच द्यायचा नि नोकरी पण तिनेच! वाट लागली ना पोरीची." क्षमा मात्र रडत हसत होती.

मला त्या नियमाचं काही वाटत नाही. अप्पांना दमा, पेन्शन बेताचं, धाकट्या भावाचं, बाळचं, कॉलेजचं शेवटचं वर्ष आता जूनमध्ये सुरू होईल. तो मिळवता होईपर्यंत मी कुठे जाणार? आईला हे ठाऊक आहे म्हणूनच ती विषय काढत नाही. समजूतदार आहे.

आजकाल डब्यात नारळाची एक वडी जास्त असते. आईचा हिशेब चुकतो वाटतं. ती वडी मी नेरूरकरांना देते, उगाच फुकट कशाला घालवायची.

१५ मार्च

नेरूरकरांचे वडील गेले. गावाहून तार आली. जाण्यापूर्वी धावतपळत माझ्या टेबलाशी आले आणि रजेचा अर्ज पुढे ठेवला. 'माय फादर हॅव एक्स्पायर्ड.' लाल पेन्सिल माझ्या हातातच होती. मी ती खाली ठेवली आणि अर्ज तसाच साहेबांकडे नेला. साहेबांनी भुवई उंचावून माझ्याकडे पाहिलं. पाहू देत.

२८ मार्च

समोरची खुर्ची रिकामी आहे. सुट्टी पुरी मिळते आणि जेवण जात नाही. उन्हाळ्यामुळे असेल.

३ एप्रिल

आले. डोकं तासलेलं, चेहरा उतरलेला. पुस्तक उघडलं, पण शिकवण्यात अर्थ नव्हता. मग त्यांनीच सांगितलं. दहाव्या दिवशी नदीकाठी पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. समोरच्या माडावर बसून राहिला. सगळे हात जोडून एकेक कबूल करू लागले. आईला सांभाळू, बाग विकणार नाही, धाकटीला शिकवू. कावळा जागचा हलेना. ऊन डोक्यावर आलं. शेवटी हेच काका, घाटकोपरचे, मोठ्याने ओरडले, "दत्तारामाचा लगीन वर्साच्या आत करतलंव!" आणि कावळा उतरला.

"माका हसाक पण येय ना आणि रडाक पण," ते म्हणाले. माझ्यासमोर पहिल्यांदाच मालवणीत बोलले.

मी म्हटलं, "कावळ्याला भूक लागली असेल." ते रागावले नाहीत. "असेल. पण शब्द गेला ना बाई, बाबांसमोर." मला मात्र त्या कावळ्याचा दिवसभर राग येत होता. चांगला शिकलेला माणूस आणि त्याचं लग्न एका पाखराने ठरवायचं! वर्षाच्या आत नाही तर पुढे तीन वर्षं करता येत नाही म्हणे. मग थांबावं तीन वर्षं. काय बिघडतं? तीन वर्षांत बाळ मिळवता होईल. बाळचा इथे काय संबंध, कुणास ठाऊक. झोप आली आहे.

१९ जून

नेरूरकर पास! साहेबांनी माझी पाठ थोपटली. प्रश्नांत 'फंगस'चं अनेकवचन होतं, त्यांनी 'फंजाय' लिहिलं, आणि 'व्हायरस'चं 'व्हायरसेस'. मला फणसाच्या वाळवलेल्या रसाची साठं आणून दिली, गावाकडची, वडाच्या पानात बांधलेली. आता शिकवणी संपली. माझी सुट्टी मला परत मिळाली.

२० जून

सुट्टीत नेरूरकर आले आणि खुर्चीत बसले. मी विचारलं, आता कसली शंका? म्हणाले, "शंका नाही. सवय आहे." मी वडी पुढे केली.

१२ जुलै

आज त्यांनी मला 'तू' म्हटलं.

नीट लिहायला हवं. बाहेर पाऊस होता, मालन टेबलावर डोकं ठेवून झोपली होती. ते हळू आवाजात म्हणाले, "वर्षाच्या आत मला लग्न करायचं आहे. तुझ्याशी करायचं आहे. तुझी नोकरी जाईल, मला ठाऊक आहे. म्हणून 'करच' म्हणत नाही, विचारतो."

मी पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. टोक होतंच.

मग म्हणाले, "तुझं नाव मात्र बदलायचं नाही. ताटात तांदूळ पसरून अंगठीने नाव लिहायला लावतात ना, तिथे मी मृणालिनीच लिहिणार. भटजी ओरडू देत. शब्दांना माहेरचं चालतं तर माणसाला का नको?"

मी हो म्हटलं. मान हलवली म्हणजे होच ना? त्यांना कळलं. पण काका रीतीचे पक्के. मुलाकडून विचारणं जायचं नाही, मुलीच्या वडिलांनी येऊन शब्द टाकायचा. "अप्पांनी एकदा घाटकोपरला यावं. बाकी मी बघतो." मी म्हटलं, सांगते अप्पांना.

मृणालिनी. माझं नाव मला इतकं चांगलं कधी वाटलं नव्हतं.

२१ जुलै

अजून सांगितलं नाही. काय सांगू? 'अप्पा, मला लग्न करायचं आहे' म्हणजे 'तुम्ही तुमचं बघा' असंच ना? मनात वाक्य तयार करते आणि खोडते. दुसऱ्यांची वाक्यं धडाधड दुरुस्त करते, पण माझं एक वाक्य काही जुळत नाही.

आज घरी आले तर दाराशी लाँड्रीचा माणूस. अप्पांनी त्यांचा काळा कोट धुवायला दिला होता, निवृत्त झाल्यापासून पेटीत पडलेला. मी म्हटलं, हा कशाला? अप्पा म्हणाले, "असू दे. कुठे जायची वेळ आली तर." म्हातारपणी नटायची हौस! लाँड्रीवाल्यादेखत काय बोलणार? सांगायचं राहून गेलं.

१८ ऑगस्ट

अप्पांवर आज चिडले. गेले कित्येक दिवस सकाळी उठून घाटकोपरला जातात, कुणा लाकडाच्या वखारवाल्या शेठकडे. तिथे काय करता, तर म्हणे "बसतो. वेळ जातो." पावसाळी हवा, छातीत घरघर, बोटांना शाई लागलेली, आणि वेळ जातो! मी सांगितलं, उद्यापासून जायचं नाही, मी मिळवते आहे ना? अप्पा बोटांची शाई पुसत बसले. आईने मला खुणेने गप्प केलं. अशा वातावरणात लग्नाचं काढायचं म्हणजे कमाल आहे.

दत्ताराम विचारत नाहीत. सुट्टीत येतात, बसतात, माझ्याकडे बघतात आणि मी मान खाली घालते. आज वडी खाताना त्यांचं बोट माझ्या बोटाला लागलं. दिवसभर त्या बोटाने पेन्सिल धरवेना.

१५ सप्टेंबर

गणपतीत सांगणार होते. बाळने एक पुस्तक हवं म्हणून विषय काढला, अप्पा म्हणाले, "ताई आहे तोवर तुला काळजी नाही." संपलं.

मला ते हवे आहेत. इथे तरी सरळ लिहायला हरकत नाही. त्यांचा मालवणी हेल हवा आहे, ते नसते प्रश्न हवे आहेत, संध्याकाळी दार उघडल्यावर कोनाड्यात त्यांच्या चपला हव्या आहेत. एक खोली आणि एक स्टोव्ह, एवढं पुरे. हे सगळं मनात इतकं भरलं आहे, मग तोंडात शब्द का येत नाही?

१४ ऑक्टोबर, दसरा

आईने पुरणपोळी केली. सकाळीच विचारत होती, "नेरूरकर सोनं द्यायला येतील का गं?"

"त्यांचा काय संबंध? आणि त्यांना यंदा सण नाही. वडील गेलेत ना."

आई पुरणयंत्र फिरवत होती. फिरवता फिरवता थांबली. "म्हणजे लग्न वर्षाच्या आतच करायला लागणार त्यांना."

"असेल. मला काय ठाऊक?"

आई बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. पुरण गार होतंय, मी म्हटलं. मग तिने यंत्र पुन्हा फिरवायला घेतलं. अप्पा बाहेर कोट घालून बसले होते, दसरा म्हणून असेल. ते उठून आत गेले आणि कोट काढून ठेवला.

दिवाळीत नक्की सांगणार. पाडव्याला. दिवस चांगला असतो.

४ नोव्हेंबर

पाडवा काल होऊन गेला. अप्पांना रात्रभर धाप होती.

१७ नोव्हेंबर

तुळशीचं लग्न झालं आणि गावाकडून माणूस आला. काकांनी शब्द दिला. पिंगुळीची मुलगी आहे, प्रेमा नाव. सुपारी फुटली.

दत्तारामांनी हे उभ्यानेच सांगितलं. "दिवाळीपर्यंत थोपवून धरलं होतं. दर रविवारी काकांच्या दारात बसून होतो. वाटायचं, आज तुझे अप्पा येतील."

मी म्हटलं, "अप्पांना बरं नव्हतं."

"तू सांगितलंस का त्यांना?"

खोटं बोलणार होते. बोलता आलं नाही. मान हलवली, नाही. जुलैत हलवली होती तशीच, पण आडवी. त्यांना हेही कळलं.

"मला वाटलंच. नोकरी तुझी, घर तुझ्या जिवावर. मी रागावलेलो नाही." मग म्हणाले, "येतो, बाई."

बाई! पुन्हा बाई! मी 'अभिनंदन' म्हटलं, तेही इंग्रजीत. ते गेल्यावर वडी डब्यात तशीच राहिली. परत नेली.

१८ नोव्हेंबर

आईने डबा उघडला, वडी पाहिली. "नेरूरकर आले नव्हते?"

"त्यांचं लग्न ठरलं."

आईने डबा तसाच ओट्यावर ठेवला. मग पेटी उघडली आणि अप्पांचा काळा कोट काढला. "बाळच्या मापाचा करून घेऊ. आता कुठे जायचंय त्यांना."

"कुठे जायचं होतं?"

"कुठे म्हणजे? नेरूरकरांच्या काकांकडे. त्यासाठीच धुतला होता गं. पत्ता काढून ठेवला होता. वखारीत हिशेब लिहायचं काम धरलं ते कशासाठी? तू गेल्यावर घर चालायला हवं ना."

मी ओरडलेच. "मग बोलला का नाहीत? मला विचारलं का नाही?"

"कुठल्या तोंडाने विचारणार? तुझ्या पगारावर जेवतो आम्ही. 'लग्न कर' म्हणावं तर तुला ती नोकरी जिवापाड प्रिय. 'करू नको' म्हणावं तर आईबापाची जीभ झडेल. तू एक शब्द बोलशील म्हणून वाट बघत होतो. दसऱ्याला तर मी सगळं तुझ्या तोंडात आणून ठेवलं होतं गं."

अप्पा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. झोपले नव्हते. श्वासावरून कळतं.

आज सांगावं का दत्तारामांना? धावत जावं घाटकोपरला? सकाळपासून हेच चाललं आहे डोक्यात. पण पिंगुळीला एक मुलगी आहे, तिची सुपारी फुटली, तिच्या घरी आता पापड लाटायला घेतले असतील. तिने माझं काय वाईट केलं? ती फुटलेली सुपारी मी कशी जोडू?

१० डिसेंबर

ते रजेवर गेले. अर्जात या वेळी चूक नव्हती.

२८ डिसेंबर

आले. सगळ्यांना लाडू वाटले. माझ्या टेबलावर कागदात ठेवला आणि पुढे गेले. मालनला कुठे राहवतं? "काय नेरूरकर, झकास ना सगळं? बायकोचं नाव काय ठेवलंत?"

"प्रेमा."

"ते माहेरचं ना? सासरचं काय?"

"तेच. तांदळात तेच लिहिलं. भटजी थांबले, काका ओरडले. मी म्हटलं, आहे ते चांगलं आहे. कशाला बदलायचं?" त्यांची पाठ माझ्याकडे होती. "ती फार रडली त्या वेळी. आनंदाने. तिला आपलं नाव आवडतं, पण कुणी विचारलंच नव्हतं."

"कुठून शिकलात हो हे?" मालन हसत म्हणाली.

त्यांनी पुढच्या टेबलावर लाडू ठेवला. माझ्यासमोर नवं पत्रक होतं. सीरम एका ठिकाणी, सीरा तीन ठिकाणी, सगळं बरोबर. तरी मी ते पुन्हा पुन्हा वाचत बसले. लाडू खाल्ला. बेसन चांगलं भाजलं होतं.

घरी आले तर आईने तांदळाचं ताट पुढे सरकवलं, निवडून दे म्हणाली. अप्पा वखारीतून अजून आले नव्हते. मी ताटात तांदूळ पसरून सारखे केले आणि बोटाने नाव लिहिलं. मृणालिनी. अंगठी नव्हती, तरी अक्षर छान उमटलं. बराच वेळ बघत बसले, मग हाताने पुसून टाकलं.

आई आतून म्हणाली, "एवढा वेळ? खडे फार आहेत का गं?"

मी म्हटलं, "आहेत."